चाओमेइचा डावा खांदा

हेइनीतांगच्या वरच्या वाडीत चांगलं भरतकाम करणारी बाई एकच आहे असं त्सुइफेंगचं मत होतं, आणि ती बाई कोण हे सांगायची तिला कधी गरज वाटली नव्हती. बाकीच्यांविषयीचं तिचं मत मात्र न मागता मिळे. लेकीच्या लग्नाचा अंगरखा कुणी कौतुकानं दाखवायला आणला की मेलेला उंदीर उचलावा तसा ती तो दोन बोटांच्या चिमटीत धरायची, उजेडाकडे न्यायची आणि म्हणायची, "हे फूल होय? मला वाटलं जेवताना काही सांडलंय." बायका रडकुंडीला येत, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिलाच दाखवायला आणत. त्याबद्दलही तिला त्यांचा तिटकाराच होता.

पण हे सगळं किरकोळ. तिचा खरा, मुरलेला तिरस्कार राखीव होता तो चाओमेइसाठी.

दोघी एकाच वर्षी सुना म्हणून या गावात आलेल्या. नव्या वर्षाच्या जत्रेत इथल्या बायका आपापल्या हातचं भरलेलं अंगावर घालून मैदानात फेर धरतात. त्या पहिल्याच जत्रेत त्सुइफेंगच्या अंगरख्यावरचं मायिंगचं फूल बघायला लोक थबकले होते. वसंतात डोंगर पेटवतं ते लालभडक मायिंग. पाकळीला पाकळी जुळलेली, कडा सुरीनं कापल्यासारख्या. सगळे वाहवा करत असताना चाओमेइ गर्दीतून पुढे आली, मान तिरकी करून तिनं पाहिलं आणि म्हणाली, "सुरेख आहे हो. जरा मेलेलं आहे, पण सुरेख आहे."

तेव्हापासून दोघींचं वाजलं ते वाजलंच. बोलणं बंद नव्हतं. तसं झालं असतं तर गावाची मोठी करमणूक बुडाली असती. पिठाच्या गिरणीत, पाण्याच्या टाकीवर, कुणाच्या बारशाला समोरासमोर आल्या की शेजारपाजारच्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. चाओमेइच्या फुलांना त्सुइफेंग 'उकडलेली कोबी' म्हणे. कारण ही बाई कागद वापरत नसे. बाकी सगळ्या जणी आधी कागदाचं फूल कातरतात, खळीनं कापडावर चिकटवतात आणि त्याच्यावरून रेशीम भरतात. कागद आतच राहतो, फूल फुगून वर येतं, कड जागची हलत नाही. चाओमेइ सरळ कोऱ्या कापडात सुई खुपसायची. एक पाकळी मोठी, एक बारकी, एक भलतीकडेच तोंड फिरवून बसलेली.

"कागदाला महाग झाली असशील तर माझ्याकडून ने," त्सुइफेंगनं तिला भर गिरणीत सुनावलं होतं.

"कागद त्यांना लागतो ज्यांनी फूल बघितलेलं नसतं," पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत चाओमेइ म्हणाली होती.

असं सगळं आयुष्य गेलं. दोघींचे केस पिकले, नवरे वाकले, पोरं मोठी झाली. आणि मका काढून झाल्यावर एका सकाळी बातमी आली की चाओमेइ गोठ्यात पडली, आणि तिची उजवी बाजू गेली.

"वाचा?" त्सुइफेंगनं विचारलं.

"वाचा शाबूत आहे," तिचा नवरा म्हणाला.

"म्हणजे जायला हवं ते राहिलं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत चाओमेइची सून लीपिंग दारात उभी राहिली. त्सुइफेंग अंगणात अक्रोड वाळत घालत होती. तिनं मान वर केली नाही. लीपिंगचा तर तिला विशेषच तिरस्कार होता. या पोरीनं घरात भरतकामाचं यंत्र आणून बसवलं होतं. बटण दाबलं की ते कोंबडीसारखं टकटक टोचत सुटायचं आणि दुपारपर्यंत चकचकीत जांभळ्या फुलांचा ढीग घालायचं. बाजारात येणारे पाहुणे ती फुलं आनंदानं घेऊन जात.

"मावशी, आईंनी बोलावलंय तुम्हाला."

"कशाला? तुझ्या कोंबडीनं अंडं दिलं काय?"

लीपिंग ओशाळली. "त्यांना शेवटच्या अंगरख्याचं बोलायचंय. तुम्हीच या म्हणाल्या. दुसरं कुणी नको."

"तिला सांग, मला वेळ नाही. अक्रोड माझ्या नावानं रडतायत."

पण लीपिंग दिसेनाशी झाली तशी ती उठली, हात धुतले, डोक्याचं कापड बदललं. नवरा भिंतीला टेकून हुक्क्याचा धूर सोडत होता. तो म्हणाला, "जाणार नव्हतीस ना?"

"लुळा हात बघायला चाललेय," ती म्हणाली. "पुन्हा अशी संधी यायची नाही."

चाओमेइला आगटीशेजारी खाट घालून दिली होती. चेहरा एका बाजूनं ओघळला होता, उजवा हात पांघरुणावर कुणाचा तरी विसरून राहिल्यासारखा पडला होता. डोळे मात्र तेच. त्या डोळ्यांनी तिनं त्सुइफेंगला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"कापड बदलून आलीस," ती म्हणाली. शब्द जरा घसरत होते, पण धार गेली नव्हती. "माझ्यासाठी नटलीस होय गं?"

"मेलेल्याला भेटायला जाताना माणूस धुतलेलंच घालतं."

"अजून मेले नाही."

"तुझी सगळीच कामं अर्धवट."

चाओमेइ हसली, म्हणजे तिचं अर्धं तोंड हसलं. डाव्या हातानं तिनं उशीखालून कापडाचं बोचकं ओढलं. लीपिंगनं पुढे होऊन ते सोडलं आणि अंगरखा पसरला. काळ्या कापडावर छातीभर आणि उजव्या खांद्यावर मायिंगची फुलं होती. डावा खांदा काळाच होता.

आपला शेवटचा अंगरखा इथं प्रत्येक बाई आपल्या हातानं भरून ठेवते. पलीकडे वाडवडील वाट पाहत असतात. ते चेहरा ओळखत नाहीत, टाका ओळखतात, असं गावचा पुरोहित, बिमो, पोथी वाचताना सांगतो. अर्ध्या अंगरख्यानं गेलेल्या बाईला पलीकडे कुणाची सून म्हणून आत घेतील याची खात्री नसते.

"एवढा खांदा भरून दे," चाओमेइ म्हणाली.

"तुझी सून आहे की. दुपारपर्यंत भरून देईल, वर टिकल्याही लावेल."

लीपिंग खाली बघत राहिली.

"गावात इतक्या बाया आहेत," त्सुइफेंग पुढे म्हणाली. "मीच का?"

"त्यांतली तू त्यातल्या त्यात बरी."

एवढ्या वर्षांत या बाईच्या तोंडून निघालेलं हे पहिलं चांगलं वाक्य, आणि तेही असं. त्सुइफेंगच्या कानशिलाशी रक्त चढलं. "तुझी कोबी मी भरणार नाही," ती म्हणाली. "भरेन तर माझ्या पद्धतीनं. घरी नेते."

"घरी नाही न्यायचा. इथं बसून भर. मला दिसलं पाहिजे."

"तुझी मी मोलकरीण आहे काय गं?"

"नाही जमणार म्हण ना सरळ," चाओमेइनं डोळे मिटले. "त्यात लाज कसली."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्सुइफेंग रेशमाच्या लड्या, कात्री आणि कागद घेऊन हजर झाली. खिडकीजवळचं स्टूल ओढून बसली. कागद दुमडला, कात्री फिरवली, आणि तिच्या हातून नेहमी उतरायचं तसं फूल अलगद उलगडलं. सगळ्या पाकळ्या सारख्या. तिनं ते कापडावर ठेवलं.

"कागद काढ," खाटेवरून आवाज आला.

"गप पड."

"इकडच्या खांद्यावर कागद नाही, तिकडच्यावर कसा चालेल? दोन पायांत दोन बायकांचे जोडे घालून जाऊ का मी? कागद काढ."

त्सुइफेंगनं कागद चुरगळून आगटीत टाकला. कोऱ्या कापडात सुई घातली. मनात म्हणाली, वेडंवाकडंच तर करायचंय, त्यात काय मोठं कसब. मुद्दाम एक पाकळी मोठी काढली, एक लहान, एक वाकडी. दुपारच्या जेवणापर्यंत फूल अर्धं झालं आणि तिनं ते चाओमेइच्या नाकासमोर धरलं.

चाओमेइ बघत राहिली. मग लीपिंगला म्हणाली, "उसव."

"का म्हणून?"

"हे वाकडं नाही. हे वेडावून दाखवणं आहे."

लीपिंगनं कात्रीचं टोक घालून सगळं उसवलं. त्सुइफेंग तरातरा घरी निघून गेली. नवऱ्याला तिनं सांगितलं की आता त्या घराची पायरी चढणार नाही, बिमोनं बोलावलं तरी, खुद्द पूर्वजांनी बोलावलं तरी. नवऱ्यानं मान डोलावली. सकाळी तिचं स्टूल पुन्हा त्या खिडकीजवळ होतं.

त्या दिवशी तिनं सुई हातात घेतलीच नाही. अंगरखा मांडीवर ओढला आणि उजवा खांदा डोळ्यांजवळ आणला. इतकी वर्षं तिनं चाओमेइचं काम लांबून, नाक मुरडत पाहिलं होतं. जवळून कधीच नाही. जवळून पाहणं म्हणजे मान देणं, असं तिला वाटत आलं होतं.

लाल रंग एक नव्हता. दुरून एक दिसायचा. देठाशी काळपट, बकऱ्याच्या काळजासारखा, मधे विटेचा, आणि टोकाला असा की डोळे दिपावेत. एका रंगातून दुसऱ्यात कुठं शिरला ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं, कारण टाके एकाच्या पोटात एक घुसवलेले होते. आणि टाक्यांची दिशा पाकळीगणिक फिरत होती, मांजराच्या पाठीवरून हात फिरवल्यावर केस वळतात तशी. भलतीकडे तोंड फिरवून बसलेली जी पाकळी होती, ज्या पाकळीवरून तिनं सगळ्या गावाला हसवलं होतं, ती वाकडी नव्हती. वाऱ्यानं उलटली होती. तिची मागची बाजू दिसत होती. फिकी, किंचित मळकट, शिरा असलेली.

मायिंगची पाकळी मागून फिकी असते. जन्मभर त्सुइफेंग त्या झाडांखालून लाकडाच्या मोळ्या घेऊन आली होती, पडलेल्या पाकळ्या पायांखाली तुडवत. तिच्या एकाही फुलाला मागची बाजू नव्हती.

"काय बघतेयस एवढं?" चाओमेइनं विचारलं.

"चुका मोजतेय."

"संपल्या की सांग."

त्सुइफेंगला राग आला. तो चाओमेइचा होता, पण सगळा तिचाच नव्हता. तिनं सुई ओवली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. एवढी नावाजलेली बाई, आणि नवशिक्या पोरीसारखी बसून भरलेलं उसवत होती. कागदाच्या कडेचा आधार गेल्यावर सुई कुठं उतरवायची हेच कळेना. पाकळी सुरू व्हायची फुलासारखी आणि संपायची पानासारखी. चाओमेइ खाटेवरून एकेक शब्द टाकायची. "जाड." "भित्री." "ही पाकळी आहे की जीभ?" त्सुइफेंगही सोडत नव्हती. "तुझा हात लुळा पडला तो देवानं कापडावर दया करून," असं ती एकदा म्हणाली, तेव्हा आगटीवर मडक्यात चहाची पानं भाजत बसलेल्या लीपिंगच्या हातून ते सुटता सुटता राहिलं. चाओमेइ इतकी हसली की तिला ठसका लागला.

"तुला माहितीये तुझं काय चुकतं?" ठसका थांबल्यावर ती म्हणाली. "पाकळी कुठं संपणार ते तुला आधीच ठाऊक असतं. पाकळीला स्वतःला ते ठाऊक नसतं."

"पाकळीला काहीच ठाऊक नसतं. पाकळी आहे ती."

"तेच म्हणतेय मी."

त्या दुपारी बाहेर वारं सुटलं होतं. त्सुइफेंग चिडून, काही न ठरवता, नुसती हात चालवत बसली होती. दोन पाकळ्या झाल्या, त्यांच्यात पुन्हा तीच भीती. तिसरी भरताना तिच्या मनात घरच्या बकऱ्यांचा विचार चालला होता आणि सुई वळली. वळली ती वळलीच. तिनं फिका धागा घेतला, मागची बाजू भरली, मग पुन्हा लाल, मग काळपट. मान वर केली तेव्हा चहा गार झाला होता आणि मांडीवर फूल होतं.

तिनं अंगरखा खाटेवर टाकला. चाओमेइनं डाव्या हाताचं बोट फुलावरून फिरवलं. पहिल्या दोन पाकळ्यांवर थांबली, पुढे गेली.

"चालेल," ती म्हणाली.

"चालेल?" त्सुइफेंग ओरडली. "चालेल म्हणतेस, सटवे?"

"उरलेली दोन फुलं अशीच भर. पहिल्या दोन पाकळ्या राहू देत. उसवू नकोस."

"वाईट आहेत त्या."

"असू देत. पलीकडे कुणाला तरी कळलं पाहिजे की माझ्या उरावर बसून कोणी भरलंय."

खांदा पुरा झाला. त्सुइफेंगनं धागा दातानं तोडला, कात्री-सुई गोळा केली आणि निरोप न घेता निघाली. दारातून बाहेर पडताना मागून आवाज आला, "ए! उद्या ये. काम नसलं तरी ये." ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं अक्रोडाचा गर थोडा बाजूला काढून ठेवला, कुणासाठी ते मनाशीही म्हटलं नाही. आणि त्याच सकाळी खालून पिपाणीचा लांब, फाटका सूर आला. कोण गेलं ते विचारावं लागलं नाही.

ती पोहोचली तेव्हा अंगणात डुक्कर कापायची तयारी चालली होती, बायका तांदूळ निवडत होत्या, आणि घरात शवपेटी दोन बाकांवर ठेवून उघडी होती. बिमो पोथी मांडीवर घेऊन बसला होता. त्सुइफेंग सरळ पेटीजवळ गेली, वाकली.

चाओमेइच्या अंगावर जांभळी फुलं होती. चकचकीत, सगळी एका मापाची, मध्ये टिकल्या.

"हे काय आहे?" तिनं विचारलं. "मी विचारतेय, हे काय आहे?"

चाओमेइचा मुलगा वेनगुआंग पुढे आला. हा सगळ्या गावात गोड बोलणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्सुइफेंगच्या मते त्याच्या तोंडात गूळ आणि डोक्यात भुसा होता.

"मावशी, शांत व्हा. आईचा अंगरखा आम्ही जपून ठेवलाय. तालुक्याला लोककलेचं प्रदर्शन उभं राहतंय. काचेच्या पेटीत राहील. आईचं नाव खाली लिहिलेलं असेल. जग बघेल."

"आणि हिला कोंबडीनं टोचलेलं घालून पाठवणार?"

"माती काय, कुठलाही खाते, मावशी. एवढी कला जमिनीत कुजवायची? तुम्हीच सांगा, तुम्ही तर जाणकार."

मागच्या बायकांत कुजबूज झाली. काही जणींनी माना हलवल्या. वेनगुआंगचं म्हणणं त्यांना पटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते अगदीच वेडगळ नव्हतं. लीपिंग खांबाशी उभी होती, पांढरं कापड डोक्याला बांधून, तोंड सुजलेलं.

"कुठाय तो?"

वेनगुआंगनं खिडकीकडे बोट दाखवलं. तिथं, त्सुइफेंगच्याच स्टुलावर, चष्मा लावलेली शहरी पोशाखातली एक तरुण बाई अंगरखा मांडीवर घेऊन बसली होती. "या दू बाई. प्रदर्शनाकडून आल्यायत," तो म्हणाला.

अशा बाया त्सुइफेंगनं पुष्कळ पाहिल्या होत्या. येतात, "अय्या, किती जिवंत रंग!" म्हणतात, फोटो काढतात, उलटा धरून काढतात. ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली. "काय बाई, किती जिवंत रंग आहेत नाही?"

दू बाईनं मान वर केली नाही. ती उजवा खांदा बघत होती, मग छाती, मग डाव्या खांद्यावर येऊन थांबली. चष्मा वर करून तिनं कापड डोळ्यांशी नेलं.

"इथं हात बदललाय," ती म्हणाली.

त्सुइफेंगचे कमरेवरचे हात खाली आले.

"हा खांदा दुसऱ्या कुणी भरलाय. या दोन पाकळ्या भीत भीत भरल्यायत. धागा फार ओढलाय, कापडाला चुणी पडलीय. पण तिसरीपासून..." तिनं बोट न टेकवता पाकळीवरून हवेत फिरवलं. "तिसरीपासून भीती गेलीय. ही उलटी पाकळी तर पहिल्या हाताच्या तोडीची आहे. कोण ही?"

घरातल्या एकाही बाईला हे दिसलं नव्हतं. सकाळपासून सगळ्या जणी अंगरखा हातात घेऊन "चाओमेइचं काय काम, शेवटपर्यंत काय हात" म्हणून रडून गेल्या होत्या.

"मी," ती म्हणाली.

"तुमचंही नाव लिहू," दू बाई म्हणाली. "दोघींचं. मी कुठंच एका कापडावर असे दोन हात पाहिले नाहीत."

क्षणभर त्सुइफेंगला ती काच दिसली. आत काळं कापड, वर दिवा, आणि ती पाकळी. तिच्या हातून आयुष्यात एकदाच निघालेली. पुन्हा निघेल याची तिला खात्री नव्हती. ती तिथं राहील. कुणीतरी डोळेवालं माणूस कधीतरी येईल, थांबेल, पाहील. मोह झाला. खोटं कशाला बोला, मोह झाला, आणि त्या मोहाची तिला त्याच घटकेला किळस आली. मागं पेटीत चाओमेइ जांभळी फुलं घालून पडली होती, आणि पलीकडे वाडवडील तिला विचारणार होते, "कोण गं तू? कुठल्या यंत्राची?"

"द्या इकडं," ती म्हणाली.

"मावशी!" वेनगुआंग मधे पडला. "हा आमच्या घरचा निर्णय आहे."

"तुझ्या घरचा? तुझ्या आईनं हा कुणासाठी भरला रे? काचेसाठी? बैलासारखं राबून, हात लुळा पडेपर्यंत डोळे फोडले ते तुला तालुक्याला मिरवता यावं म्हणून? तुला यातलं फूल कुठलं नि पान कुठलं कळतं का? आईची आठवण हवी तर तिची जीभ घ्यायची होतीस, ती तरी कामाला आली असती!"

"तुम्ही तर जन्मभर तिला नावं ठेवलीत!" वेनगुआंगचा गूळ संपला होता. "कोबी म्हणालात! आता पुळका आला?"

"म्हणाले. तोंडावर म्हणाले. आणि ती मला म्हणाली. तुझ्यासारखं पाठीमागं अंगावरचं नाही उतरवलं."

बाहेर पिपाणीवाला वाजवायचा थांबला होता. वेनगुआंग बिमोकडे वळला. बिमोनं पोथीतून नजर न काढता सांगितलं की पोथीत पलीकडची वाट लिहिली आहे, कपडे लिहिलेले नाहीत. मात्र ज्या टाक्याचं नाव घेऊन तो वाट सांगणार आहे तो टाका अंगावर असला तर त्याला सोपं जाईल.

तेवढ्यात लीपिंग खांबापासून हलली. ती दू बाईजवळ गेली आणि दोन्ही हात पुढे केले. दू बाईनं अंगरखा एकदा छातीशी धरला, मग तिच्या हातांवर ठेवला.

"लीपिंग!" वेनगुआंग म्हणाला.

"तुम्ही बाहेर व्हा," ती म्हणाली. "बाईमाणसाचे कपडे बदलायचेत."

पुरुष बाहेर गेले. त्सुइफेंग आणि लीपिंग दोघींनी मिळून चाओमेइला उचलून धरलं. शरीर ताठरलं होतं, लुळा हात आता दुसऱ्या हाताइतकाच कडक होता. जांभळा अंगरखा काढताना एक टिकली तुटून पेटीत पडली. त्सुइफेंगनं ती वेचून आगटीत फेकली. लीपिंगनं बाही सावकाश चढवली, खांद्यावरची सुरकुती तळव्यानं साफ केली.

"नीट ओढ," त्सुइफेंग म्हणाली. "तुला काही म्हणजे काही येत नाही."

"हो, मावशी," लीपिंग म्हणाली, आणि नीट ओढलं.

झाकण लावायच्या आधी त्सुइफेंगनं दू बाईला बोलावलं. "बघायचं ते बघून घे, पोरी. फोटो काढलास तर कॅमेरा डोक्यात घालीन." दू बाईनं फोटो काढला नाही. ती पेटीवर वाकून इतका वेळ पाहत राहिली की बाहेरची माणसं खाकरायला लागली. मग खिळे ठोकले गेले.

पेटी डोंगरावर गेली. खाली अंगणात पंगत बसली. त्सुइफेंगच्या शेजारची बाई डुकराच्या मांसाचा तुकडा तोंडात घोळवत म्हणाली, "बरं केलंत हो. काय फुलं होती, नाही? सगळीच कशी अगदी जिवंत."

"कुठलं फूल आवडलं तुला?"

"सगळीच की हो."

त्सुइफेंगनं वाडगा खाली ठेवला. पंगतीवरून तिची नजर फिरली. सगळ्या जणी होत्या. कागदवाल्या, टिकल्यावाल्या, चांगलं-चांगलं म्हणणाऱ्या. यांतल्या कुणालाही तुच्छ मानण्यात आता काही राम उरला नव्हता. जिला टाकून बोलावं, जिच्या एका शब्दानं रात्रीची झोप उडावी, ती मघाशी खांद्यांवरून वर गेली होती. ती उठली आणि कुणाला न सांगता पायवाटेनं घराकडे निघाली.

वळणावर मागून धावती पावलं आली. दू बाई धापा टाकत होती.

"आजी, एक विचारू? ती उलटी पाकळी. फिक्या धाग्यावर तुम्ही पुन्हा लाल घेतला, मग काळपट. मधेच काळपट का? फुलात तो देठाशी असतो."

त्सुइफेंग थांबली. वाटेकडेच्या दगडावर बसली. प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर तिनं स्वतःलाही दिलेलं नव्हतं.

"सावली आहे ती," ती अखेर म्हणाली. "पाकळी उलटली की तिची सावली स्वतःवरच पडते. एवढंही कळत नाही? काय शिकवतात गं तुम्हाला शहरात? बस इथं. तिथं नाही, उजेड अडवतेयस माझा. सुई आहे का तुझ्याकडे?"

"नाही."

"सुई नाही, आणि आली भरतकाम बघायला," त्सुइफेंग म्हणाली, आणि स्वतःच्या डोक्याच्या कापडात खोचलेली सुई काढू लागली.